राइट टाउनातले अमेरिकेचे परीक्षक

आमच्या ह्यांची सगळी नोकरी तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात गेली, आणि तीही तपासणी खात्यात. तिथे पहिल्या नजरेत काही पास करायचं नाही, अशी ह्यांची रीत. तुकडा मापात बसला तरी उलटा करून पुन्हा मोजायचा. निवृत्त झाल्यावर गाडे कारखान्यातच राहिले, रीत मात्र आमच्या राइट टाउन मोहल्ल्यातल्या घरी राहायला आली. माझी पोळी हे उलटून पाहतात. गोहलपुरच्या शिंप्याने तर यांची पँट इतक्या वेळा परत घेतली आहे, की यांची स्कूटर वळताना दिसली की तो चहा प्यायला निघून जातो.

अशा माणसाच्या हाती अमेरिकेचा इतिहास लागला.

आमची एकुलती एक मुलगी बरीच वर्षं तिकडे आहे. मागच्या वर्षी तिने तिथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. त्यासाठी तिथल्या इतिहासाची तोंडी परीक्षा द्यावी लागते. ती आज ना उद्या परत येईल, असं हे अजून धरून बसले होते. मी ती आशा कधीच सोडली होती, पण यांना सांगायची हिंमत झाली नव्हती. बातमी कळल्यावर काही दिवस तिचा फोन आला की हे तो माझ्याच हाती द्यायचे. मग एका सकाळी आपणहून फोन लावला आणि म्हणाले, "अच्छा, चलो. तयारी काय करून राहिली ते सांग."

तेव्हापासून आमच्या सकाळच्या चहाच्या वेळी अमेरिका उघडायची. तिकडे तिची संध्याकाळ. ती फोन ओट्यावर टेकवून भाजी चिरायची आणि हे इकडून प्रश्न टाकायचे.

"त्या तेरा वसाहती इंग्रजांशी काहून लढल्या?"

"कर लावले म्हणून, बाबा."

"रिजेक्ट. आणखी?"

"तिथे एकच कारण सांगितलं तरी चालते."

"तिथे चालत असन. इथे नाही चालत."

शिकवता शिकवता मास्तरलाच गोडी लागली. तिकडे शरण गेलेला इंग्रज सेनापती पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, हे वाचल्यावर तर हे खुर्चीतून उठले. "पहा! तिकडचा रिजेक्ट माल इकडे पाठवला!" हे यांनी मला ऐकवलं, दूधवाल्या भैयाला ऐकवलं, आणि भैयाने 'जी, बाबूजी' म्हणत दूध जरा कमीच मापलं. तिथल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाचं प्रकरण आलं तेव्हा लढाईपेक्षा चिखलात रुतलेल्या तोफांचंच यांना जास्त वाईट वाटलं. गाडे नीट बनवले असते तर लढाई लवकर आटोपली असती, असं यांचं ठाम मत आहे. गुलामांच्या खरेदी-विक्रीचं वाचलं त्या दिवशी मात्र चहा तसाच निवला.

मुलगीही यांचीच. एकदा तिने सुरी खाली ठेवून विचारलं, "बाबा, वसाहती इंग्लंडपासून वेगळ्या झाल्या ते तुम्हाला बरोबर वाटते. दक्षिणेची राज्यं वेगळी झाली ते चूक. मग वेगळं व्हायचं केव्हा बरोबर असते?"

"माणसं गुलाम ठेवायसाठी फुटले, ते चूकच. त्यात काय विचारून राहिली?"

"आणि बाकीचे वेगळे होतात ते?"

यांनी माझ्याकडे वळून आणखी चहा मागितला. कप भरलेला होता.

परीक्षेत ती एकही उत्तर न चुकता पास झाली. हे म्हणाले, "होणारच." मग बाजारात जाऊन खोव्याची जलेबी घेऊन आले आणि कशाबद्दल ते शेजारच्यांना सांगितलं नाही. विचारणाऱ्याला नुसतं "घ्या जी, घ्या" म्हणाले.

आता फक्त शपथ उरली होती. ती तिथल्या सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायची असते, पाठ करावी लागत नाही. पण तपासल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, म्हणून यांनी तिला आदल्या दिवशी फोनवर वाचून दाखवायला लावली. स्वतः छापील कागद घेऊन बसले. चष्मा नाकावर, बोट ओळीवर. त्या शपथेत पहिल्याच ओळीला एक गोष्ट येते. आजवर ज्या देशाची मी नागरिक होते, त्या देशावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडते आहे, असं म्हणायचं. तो देश म्हणजे आपण. हे घर, हा कप, आम्ही दोघं.

तिने सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. 'मी शपथपूर्वक सांगते' म्हणाली, आणि ते सोडण्याचं सगळं गाळून सरळ पुढच्या वाक्यावर गेली. संविधानाचं रक्षण, कायद्याचं पालन, शेवटपर्यंत. कुठे अडखळली नाही.

यांचं बोट पहिल्या ओळीवरच होतं. ते पुढे सरकलंच नाही.

"बाबा? बरोबर आहे का?"

यांनी चष्मा काढला. "एकदम बरोबर, बेटा," म्हणाले. "एक शब्दही सुटला नाही."