मंद प्रकाश म्हणजे कुठला?

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत भगवान सर दहावीची इंग्रजीची शिकवणी घेत. आधी ते मानपाड्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. नजर अधू झाली, नोकरी सुटली, आणि स्वस्त भाडं म्हणून बायकोला, शांताबाईंना घेऊन ते इथे आले. पुढे डोळे पार गेले, पण दोघांनी कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर शिकवणी बंद पडली असती, आणि शिकवण्यावर सरांचा भारी जीव. धडे तोंडपाठ असायचे, वाचायला आम्हालाच लावायचे. आम्हाला संशयसुद्धा आला नाही.

गाइडवाल्यांवर त्यांचा फार राग. "ग्लो, ग्लीम, ग्लिमर, सगळ्यांपुढे आपलं 'मंद प्रकाश'! अरे, इंग्रजांना काय शब्द उतू चालले होते?" मग समजावत. शेगडीतल्या निखाऱ्याचा तो ग्लो, ज्योत नाही पण ऊब आहे. घासलेल्या तांब्यावर उजेड पडला की ग्लीम. आणि खाडीत लांबवर होडीतला कंदील, आत्ता दिसला, आत्ता नाही, तो ग्लिमर. ग्लिमर सांगताना ते जरा थांबायचे.

लाइट तर रोजच जायची. गेली की अख्खी चाळ ओरडायची, "गेलीऽऽ!" ते ऐकलं की सर खडू खाली ठेवत.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत शेजारचे दामाजी वारले. परीक्षा तोंडावर, म्हणून दुसऱ्या दिवशीही दिवेलागणीला शिकवणी भरली. शांताबाई दामाजींच्या घरी बसायला गेल्या होत्या. लाइट गेली, पण दुखवट्याच्या चाळीत ओरडणार कोण? सर लिहीतच राहिले. मिट्ट काळोखात फळ्यावर खडू चालल्याचा आवाज येत होता. शेवटी मीच म्हणाले, "सर, लाइट गेलीय."

"केव्हाची?"

सर चाचपडत खुर्चीवर बसले.

रात्रीपर्यंत चाळभर झालं. "आंधळा मास्तर काय शिकवणार?" माझी आईही तेच म्हणाली. ज्यांची पोरं त्यांच्यामुळे पास झाली, त्यांनीच हे म्हणावं! मला संताप आला, आजही येतो. आईला न जुमानता मी दुसऱ्या दिवशी गेले. एकटीच होते.

"सगळे आलात?" सरांनी विचारलं.

शांताबाईंनी दारातून माझ्यापुढे हात जोडले.

"हो, सर."

सर थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग त्यांनी घसा साफ केला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते शिकवायला लागले.