पुलाच्या अलीकडे

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवून शिवून त्यांची मान जराशी पुढे आली होती. तोच माणूस वर्षातून एकदा डोंगराच्या कड्यावरून पळत सुटायचा आणि पंख उघडून हवेत जायचा, हे नव्या गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते आधी मास्तरांच्या पोटाकडे बघायचं.

पण गडी उडायचा. लांब पल्ल्याच्या पॅराग्लायडिंग स्पर्धेत सलग अकरा वर्षं. नेमून दिलेल्या जागांवरून जायचं आणि शेवटच्या मैदानावर उतरायचं. नदीपलीकडच्या त्या मैदानाला सगळे गोल म्हणत. मास्तर एकदाही गोलवर पोचले नव्हते. दर वर्षी नदीपर्यंत यायचे आणि पुलाच्या अलीकडे, लाकडाच्या वखारीजवळ उतरायचे. अहो, एखाद्या वर्षी मागं, एखाद्या वर्षी पुढं, असंही नाही. नेमाने वखार! पोरासोरांनी त्यांचं नावच ‘अलीकडे मास्तर’ पाडलं होतं. मास्तर हसायचे. हसण्यावारी न्यायचे म्हणा हवं तर, कारण आत कुठेतरी ते लागायचंच.

त्यांना आणायला बायको गाडी घेऊन यायची. मोठी व्यवहारी बाई. कशाला उगाच पूल ओलांडून जा आणि परत या? ती आधीच वखारीजवळ गाडी लावायची, टपावर पिवळं कापड टाकायची आणि भाजी निवडत बसायची. ते कापड मास्तरांनीच शिवलं होतं, एका पडद्याच्या उरलेल्या तुकड्यातून, वरून गाडी ओळखू यावी म्हणून.

यंदाचं उडणं शेवटचं होतं. गुडघा कुरकुरत होताच, पण खरं कारण पंखाचं. मास्तरांनी कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि त्यांना कळलं. कापड थकलं होतं. पुढच्या तपासणीत ते टिकणार नव्हतं आणि दुसरा पंख घ्यायचा नाही, हे घरात ठरलं होतं.

सकाळी डोंगरावर बायको त्यांच्या पट्ट्या ओढून बघत होती. मास्तर म्हणाले, “आज गोलवर थांब ना.”

“आणि तुम्ही?”

“मी येतो तिथं.”

“अकरा वर्षं येताय. नुसतं गोल गोल फिरता, गोल काही दिसत नाही.” मग त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, “बघू.”

आता संसार केलेल्या माणसाला ‘बघू’चा अर्थ सांगावा लागत नाही. मास्तरांनी तो निमूट गिळला आणि पळायला सुरुवात केली.

दिवस चांगला होता. गरम हवेचे झोत जागोजाग होते. मास्तर घारींच्या मागे मागे गेले, त्या जिथं घिरट्या घालत तिथं घिरट्या घालून उंची घेत राहिले. तरणी पोरं कधीच पुढं निघून गेली होती. मास्तरांना घाई नव्हती. उतावळ्या शिंप्याची शिवण उसवते, हे ते दुकानात रोज सांगायचे आणि वरही तसंच वागायचे. चार तासांनी नदी दिसली, तेव्हा उंची मात्र फारशी उरली नव्हती. झालं, म्हणाले मनाशी, आली वखार.

त्यांनी खाली पिवळं कापड शोधलं. दिसेना.

वखारीचं फाटक दिसलं, ओंडक्यांच्या राशी दिसल्या, पत्रे दिसले. गाडी कुठेच नाही. बाई गेली कुठे? वाटेत गाडी बंद पडली की काय? हवेत असताना वायरलेसवर बोलायचं नाही, दोन्ही हात दोऱ्यांवर पाहिजेत, हा नियम तिचाच. म्हणून त्यांनी गाडी शोधायला एक चक्कर मारली. झाडाआड असेल म्हणून दुसरी मारली. आणि कानापाशी, उंची वाढू लागली की वाजणारं यंत्र टीट-टीट वाजू लागलं.

वखारीचे पत्रे दिवसभर तापले होते. त्यांच्यावरून हवा वर चढत होती. दर वर्षी चढत असणार! पण दर वर्षी पिवळं कापड दिसलं की मास्तरांचे हात आपसूक दोऱ्या खाली ओढायचे. ती उन्हात बसलीय, तिला शोधाशोध नको, म्हणून ते तिच्याजवळ उतरून मोकळे व्हायचे.

सातव्या चकरेला त्यांना पिवळं काहीतरी दिसलं. पुलाच्या पलीकडे. मैदानाच्या कडेला.

“अगं बाई!” मास्तर एवढंच म्हणाले, तेही एकटेच, हवेत.

मग त्यांनी पंख सरळ केला. नदी पार झाली. समोरून वारा लागत होता, उंची उतरत होती, कुंपणावरून जाताना त्यांनी दुखरा गुडघा पोटाशी घेतला. गोलची रेघ त्यांनी जेमतेम पुरुषभर उंचीवरून ओलांडली आणि चार पावलं धडपडत ते बसलेच.

बायको धावत आली. “लागलं का? आणि वखारीवर चकरा कसल्या मारत होता? इथं माझा जीव टांगणीला!”

“तुला शोधत होतो, त्यातच उंची मिळाली. तू ‘बघू’ म्हणालीस ना.”

“हो मग! म्हटलं, हा गोल कसा असतो ते एकदा बघू तरी.” ती थांबली. तिच्या डोक्यात हिशेब जुळत गेला, तसा चेहरा उतरला. “अहो, म्हणजे इतकी वर्षं मी तिथं थांबायचे म्हणून तुम्ही...”

“आणि मी तिथं उतरायचो म्हणून तू थांबायचीस,” मास्तर म्हणाले. “रडतेस काय, वेडे? पोचलो की!”

तेवढ्यात वायरलेस खरखरला. स्पर्धेच्या कचेरीतून नोंद घेणारी बाई विचारत होती, “मास्तर, कुठं उतरलात? अलीकडेच ना?”

मास्तरांनी तोंड उघडलं, पण बायकोने वायरलेस त्यांच्या हातातून घेतला.

“गाडीजवळ उतरलेत,” ती म्हणाली. “नेहमीसारखे.”