बाबांचा काटेकोरपणा

मंडळी, ही आज दुपारची, जालन्यात आमच्या घरातली गोष्ट.

काल ऑफिसात साहेबांनी माझ्या मुलीच्या, रेवाच्या, अंगावर फाइल फेकली. तिला तक्रार करायची होती. मी म्हणालो, "मनावर घेऊ नको. चार दिवसांत विसरशील."

नव्वदीला टेकलेले बाबा जेवता जेवता थांबले. "मी तर न्हाई विसरलो," म्हणाले.

छप्पन साली बाबा जाफराबादकडे एका कचेरीत नवे कारकून होते. निजामाच्या काळातलं उर्दू दप्तर नुकतंच मराठीत येत होतं. उर्दू वहीचं पहिलं पान म्हणजे मराठी वहीचं शेवटचं. हाताच्या सवयीने बाबांनी नवी मराठी वही उलट्या बाजूने लिहायला घेतली. साहेबांनी सगळ्यांसमोर थोबाडीत मारली.

"मंग तुम्ही काय केलं, आजोबा?" रेवाने विचारलं.

"काय करणार? कोणालाच सांगितलं न्हाई. पुढं नोकरीभर वही दोनदा उलटून बघायची, मंगच लिहायचं. लोक म्हणायचे, माणूस लई काटेकोर है."

आम्हीही तेच म्हणायचो, आणि कौतुकाने.

"तू लिही," बाबा तिला म्हणाले. "आजच लिही."

रेवाने तक्रार लिहिली. उद्या ती द्यायला मी तिच्यासोबत जातोय. मघाच्या सल्ल्याबद्दल तिची माफी मागितली आहे.

कामावर तुमच्यावर कोणी हात उचलला, तेव्हा तुम्ही घरी सांगितलं होतं का? आणि घरचे काय म्हणाले?