वीसपैकी एकोणीस

विसावा माणूस खुर्चीतून उठला, गळ्याभोवतीचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या ट्रेवर ठेवली.

"डॉक्टर, माझं ऱ्हाऊ द्या."

"राहू द्या म्हणजे? अजून खालच्या दातांना हात लावलेला नाही."

"त्येच म्हनतोय. खालचं ऱ्हाऊ द्या. वरचंबी ऱ्हायलं असतं तर बरं झालं असतं."

एवढं बोलून तो टूलरूममध्ये निघून गेला. कंपनीच्या दवाखान्याचा कंपाउंडर कोपऱ्यात उभा होता. तो हसला नाही, पण त्याने पाठ फिरवली, म्हणजे हसलाच.

त्या दिवशी गुरुवार होता. शनिवारी माझी मुदत संपत होती.

ही पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. चिंचवडला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असायची आणि मध्येच एखाद्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. त्यातल्या एका इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने ठरवलं, की कामगारांचे दात वर्षातून एकदा साफ करून घ्यायचे. तंबाखू आणि मिसरीने लोकांच्या हिरड्या सुजत, ताप येई, खाडे पडत. त्यासाठी कंपनीला पॅनेलवर एक दंतवैद्य हवा होता. पॅनेल म्हणजे कंपनीने मान्य केलेल्या डॉक्टरांची यादी. एकदा नाव चढलं, की वर्षभराचं काम पक्कं.

ते काम मला हवं होतं. मी मूळचा सांगोल्याचा. पुण्याच्या कॅम्पात एका दंतवैद्याकडे कवळ्या घासायला लागलो, तिथेच बघून बघून सगळं शिकलो आणि मग चिंचवडला स्वतःचं दातांचं दुकान थाटलं. पुढे कायदा आला आणि दंतवैद्यांच्या दोन याद्या झाल्या. कॉलेजात शिकलेले एका यादीत. आमच्यासारखे, आधीपासून याच धंद्यावर पोट भरणारे, दुसऱ्या यादीत. काम दोघांनाही करता येत होतं. फक्त पहिल्या यादीतले दुसऱ्या यादीतल्यांशी बोलताना हनुवटी जरा वर ठेवत. पुण्याचे एक डिग्रीवाले गृहस्थही या पॅनेलच्या मागे होते. त्यांचं नाव घेत नाही. घेण्याची इच्छा फार आहे.

कंपनीचे लेबर ऑफिसर सबनीससाहेब. शांत माणूस, आणि शांत माणसाशी सौदा करणं सर्वांत अवघड.

"पुण्याचे डॉक्टर क्वालिफाइड आहेत," ते म्हणाले.

"ते मोटारीतून अकराला येणार आणि एकला जाणार. मी सायकलवर येतो. शिफ्ट सुटेपर्यंत थांबतो."

"ते म्हणतात, तुम्ही दात काढण्यात वाकबगार आहात. साफ करणं हे वेगळं शास्त्र आहे."

माझं डोकं तिथेच फिरलं. "वीस माणसं द्या. तुम्ही निवडा. पंधरा दिवसांत वीसच्या वीस जणांना दात साफ करून परत पाठवतो. एक जरी राहिला तर पॅनेल त्यांना द्या. मी पुन्हा तुमच्या गेटवर दिसणार नाही."

साहेबांनी कागद ओढला, मी बोललो ते जसंच्या तसं लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं. घासाघीस करताना समोरचा गप्प बसला, की आपण जरुरीपेक्षा जास्त बोलून बसतो. हे मला पुरतं माहीत होतं. तरी बोललो.

एकोणीस जण बिनबोभाट झाले. विसावा हा, निघोज्याचा बबन येळवंडे. खडकीच्या कारखान्यात बारा वर्षं काढून आलेला टूलरूमचा, म्हणजे कारखान्याची हत्यारं घडवणारा, कारागीर. चाळिशीचा, अंगाने काटक, मनगटं लोखंडासारखी. एवढ्या मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर दिवसभर उभा राहणारा माणूस माझ्या बोटभर हत्याराच्या आवाजाला भ्याला, हे मला पटेना.

हे हत्यार म्हणजे स्केलर. पुढे आकडी असलेली पोलादी काडी. दातांच्या मुळाशी चुन्यासारखं कीटण साचतं, ते ब्रशने जात नाही. स्केलरची धार त्याच्याखाली घालून ते ओढून काढायचं. दुखतं फार थोडं. पण दात हाडात बसलेला, आणि हाड थेट कानापर्यंत. त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला जे खरखर वाटतं, ते खुर्चीतल्या माणसाला कवटीत कुणीतरी पत्रा ओढतंय असं ऐकू येतं. हे मी आज सांगतोय. तेव्हा मला हे पुस्तकातल्यासारखं माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी टूलरूममध्ये गेलो.

"बबनराव, राग सोडा. तुमच्या घरच्या दोघांचे दात फुकट साफ करतो."

"घरच्यांनी काय गुन्हा केलाय?"

शेजारच्या मशीनवरचा माणूस खो खो हसला. मी राग गिळला. आवाजावर उपाय शोधलाय, एकदाच या, अशी गळ घातली. जेवणाच्या सुट्टीत तो आला.

माझा उपाय म्हणजे कापूस. दोन्ही कानांत चांगले घट्ट बोळे घातले आणि खालच्या दाताला स्केलर लावला. एकच ओढ घेतली असेल. येळवंडे असा उसळला, की ट्रे खाली गेला आणि कंपाउंडर दारात आला.

"आरं, मारतो का काय!"

आता माझाही तोल गेला. "एकोणीस माणसं गुमान बसली! तुमचेच कान काय सोन्याचे आहेत?"

"गुमान बसली म्हंजी त्यांना काय झालं न्हाई व्हय? त्यांना सुपरवायझरनं बसवलं व्हतं." त्याने कानांतले बोळे काढून माझ्यापुढे धरले. "आन् ह्यो शानपना कुनी शिकवला? कान बंद केलं की भाईरचा आवाज बंद. आतला दुप्पट व्हतो. आमी बेरिंग ऐकताना मुद्दाम कान दाबतो."

"काय ऐकताना?"

 त्याने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. "ह्याचं टोक मशीनला लावायचं आन् मूठ दातात धरायची, म्हंजी आतलं बेरिंग कसं फिरतंय ते ऐकू येतं." मग तो म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? तुमचं सोताचं दात कुनी साफ केल्यात का कदी?"

 कोण करणार? मीच तर दुकानात एकटा.

"बसा," तो म्हणाला.

मी का बसलो ते आजही सांगता येणार नाही. त्याने स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ पुसली आणि मला दातांत धरायला लावली. "आता कान दाबा." मी दाबले. त्याने जमिनीवर पडलेला माझाच स्केलर उचलला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडी टोकावरून ओढला.

मानेपासून कमरेपर्यंत काटा आला. आवाज कानात आलाच नाही, थेट डोळ्यांच्या मागे आला. माझ्या तोंडातून मूठ सुटली.

"ऐकलं?" येळवंडे म्हणाला. "मशीनवर असला आवाज आला, की काम बिघडलं म्हनून समजायचं आन् मशीन बंद करायची. बारा वर्सं त्येच केलंय. हितं त्यो आवाज माज्या टाळक्यात, आन् बंद करायचा खटका तुमच्या हातात. मंग मी काय करू?"

 तो स्केलर घेऊन खिडकीशी गेला. आकडी नखावर टेकवून हलकेच ओढली. ती सरळ घसरत गेली.

"धार असती तर नखाला धरलं असतं. ह्ये कापत न्हाई, नुसतं घासतंय. म्हनून वराडतंय. आन् ह्ये बगा, टोकाला निळं पडलंय. तापलंय कुटंतरी. पानी उतरलं ह्याचं." पोलादाला तापवून, बुडवून जो कडकपणा देतात, त्याला कारागीर 'पाणी देणं' म्हणतात. तो कडकपणा गेला, की धार टिकत नाही. "कुनाकडं दिलं व्हतं धारंला?"

इथे खरं सांगणं भाग आहे. चिंचवडच्या बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा एक जण चाक घेऊन बसायचा. या वीस माणसांचं काम सुरू होण्याआधी मी माझे सगळे स्केलर त्याला दिले होते. घाऊक देतो म्हणून त्याचा भाव इतका खाली पाडला होता, की त्यानेही पाणी न लावता, कोरड्या चाकावर, फर्रकन उरकून दिले. मला तो सौदा जिंकल्यासारखा वाटला होता.

"ते तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो. "माझ्या हत्याराला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत." त्याने स्केलर ट्रेवर ठेवला. "तुमचं तुमी बगा."

तो दारापर्यंत गेला. उद्या शनिवार. सबनीससाहेबांच्या टेबलावरचा कागद मला दिसत होता. पुण्याची मोटार गेटमधून आत येताना दिसत होती. आणि सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की तो डिग्रीवाला म्हणाला होता ते अर्धं खरं निघालं होतं.

"बबनराव," मी म्हणालो. "किती वेळ लागेल?"

"किती हायेत?"

"सहा."

"सांजच्याला शिफ्ट सुटंपर्यंत."

"आणि बदल्यात?"

"माजी एक अट." त्याने हात वर करून मूठ बांधली. "क्रेनवाल्याला आमी अशी मूठ दावतो. मूठ दिसली की त्यो हाय तितं थांबतो. इचारीत न्हाई का म्हनून. तुमी बी तसंच थांबायचं. दातात आकडी आसंल तरी."

आयुष्यात मी इतक्या स्वस्तात कधी सौदा केला नव्हता, आणि इतका महागही वाटला नव्हता. काम करताना पेशंटने मला थांबवायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी हो म्हणालो.

त्याने फोरमनच्या परवानगीने सहाही स्केलरना पुन्हा पाणी दिलं आणि ऑइलस्टोनवर, म्हणजे तेल लावलेल्या सपाट दगडावर, हाताने धार लावली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. हात कसा धरतो, कोन किती, किती वेळा ओढतो. शिकायचं असलं की मला लाज वाटत नाही. कवळ्या घासतानाही मी असाच बघायचो.

शनिवारी सकाळी मी स्केलर उकळून तयार ठेवले. येळवंडे आला, बसला. कापूस नाही. आधी एक स्केलर त्याच्याच नखावर टेकवून दाखवला. नखाला धरला. त्याने मान हलवली.

पहिली ओढ घेतली. मूठ वर.

मी थांबलो. मूठ खाली आली. पुन्हा लावला. लगेच मूठ वर. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा माझा पारा चढायला लागला.

"आता काय झालं?"

"काय न्हाई," तो तोंडात पाणी असताना म्हणाला. "खटका चालतोय का बगत व्हतो."

त्यानंतर त्याची मूठ मांडीवरच राहिली. धारदार आकडीखाली कीटण तुकड्यातुकड्याने निघत होतं. सुपारीचं खांड पडावं तसा 'टक' एवढाच आवाज. मधे दोनदा त्याची बोटं वळली, मी आपणहून थांबलो, बोटं सुटली. पाऊण तासाने, वरचेही पुन्हा साफ झाल्यावर, त्याने आरशात दात पाहिले आणि म्हणाला, "ह्ये माजं हायेत व्हय?"

मी स्टुलावर बसलो.  इतकं मोकळं मला दुकानाचा बोर्ड लागला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुपारी सबनीससाहेबांनी तो कागद काढला, वीस नावांपुढे वीस खुणा पाहिल्या आणि पॅनेलच्या यादीत माझं नाव घातलं. बाकी सगळ्या डॉक्टरांच्या नावामागे 'डॉ.' होतं. माझ्या मागे 'श्री.'

"साहेब, हे बदला."

"पॅनेल हवंय ना?" साहेब म्हणाले. तेवढा एक सौदा मी हरलो. तो अजून विसरलेलो नाही.

राहिले ते एकोणीस. बोथट हत्याराने कीटण निघत नाही, वरून गुळगुळीत होतं आणि तिथेच बसून राहतं. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पुण्याच्या त्या गृहस्थांखेरीज. मी साहेबांना सांगितलं, "माझ्या पद्धतीत दुसरी फेरी असते. तिचे वेगळे पैसे नाहीत." साहेबांना ते फार आवडलं.

सोमवारपासून एकोणीस जण पुन्हा आले. पहिला कँटीनचा आचारी. खुर्चीत बसला, तोंड उघडलं, आणि मी स्केलर उचलायच्या आत त्याने मूठ वर केली. मी थांबलो. त्याने समाधानाने मूठ खाली घेतली. नंतरच्या अठराही जणांनी तेच केलं. येळवंड्याने टूलरूमपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पेशंट ओरडला, की आधी आपलं हत्यार नखावर लावून बघावं. त्याच्या स्वभावाचा विचार नंतर करावा. मी तेव्हापासून प्रत्येक माणसाआधी दगडावर धार लावतो. हे मला कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नाही, आणि तिथे ते शिकवत असतील तर पुण्याच्या त्या गृहस्थांनी मला सांगायला हवं होतं.