पिठाच्या डब्यातली सुरी

सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. पाऊस म्हणावा तर बर्फ, बर्फ म्हणावा तर पाऊस, असं काहीतरी आडवंतिडवं तोंडावर सपकारत होतं. फेब्रुवारीत उत्तर नॉर्वेच्या त्या बेटावर याला कुणी वाईट हवा म्हणत नाही. ओडनी धक्क्यावरच्या शेडमध्ये रबरी एप्रन बांधून कॉड माशांची मुंडकी सुतळीत ओवत होती. ओवून झालेल्या माळा बाहेर लाकडी दांड्यांवर वाऱ्याला वाळत टांगायच्या. हे काम तिचे हात झोपेतसुद्धा करतील. आज मात्र सुतळी सारखी निसटत होती, कारण दुपारच्या बोटीनं बालसंरक्षण कचेरीची बाई यायची होती.

ओडनीची लेक सीव मनानं खचून दूरच्या शहरात इस्पितळात पडली, तेव्हापासून नात मायकेन आजीकडे होती. पण पोर आजीकडे राहते ती सरकारच्या परवानगीनं, आणि सरकार अधूनमधून घर बघायला येतं. आजवर एक म्हातारा अधिकारी यायचा, कॉफी प्यायचा, हवेबद्दल बोलायचा आणि जायचा. या खेपेला कारण निराळं होतं. मायकेन अंगठ्याला पट्टी बांधून शाळेत गेली होती. दक्षिणेकडून नवीन आलेल्या मास्तरीणबाईंनी काय झालं विचारलं, पोरीनं खरं ते सांगितलं, आणि बाईंनी वर कळवलं. कळवावंच लागतं, कायदाच तसा आहे.

खरं इतकंच होतं की मायकेन खायला विकायच्या कॉडच्या जिभा कापत होती आणि सुरी अंगठ्याला लागली. या किनाऱ्यावर ते पोरांचंच काम. लोखंडी खिळ्यावर मुंडकं खोचायचं, सुरी एकदा फिरवायची, जीभ टोपलीत. ओडनीला तिच्या बापानं सुरी दिली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. तीच सुरी पुढं सीवला मिळाली, तिच्यानंतर मायकेनला. मूठ झिजून झिजून पोराच्या हाताच्या मापाची झाली होती.

शेजारच्या बाकावर मासे साफ करणारा तोर्लाइव्ह म्हणाला, "ओडने, त्या बाईला म्हनावं, आधी आमच्या म्हाताऱ्यांचे आंगठे तपास. आख्खं बेट उचलून अनाथाश्रमात न्यावं लागंल तिला."

ओडनीपण हसली. पण सकाळी घरातून निघताना तिनं जे करायचं ते करून ठेवलं होतं. सुरी पिठाच्या डब्यात खोल खुपसली होती, आणि दूध पीत बसलेल्या नातीला बजावलं होतं, "ती बाई सुरीचं इचारंल. तू काय बी बोलू नगंस."

दुपारी बोट लागायच्या आत ओडनी घरी परतली. बाईचं नाव इंगविल्ड. तरुण होती, नाक वाऱ्यानं लाल झालेलं. दारातच बूट काढून लोकरी मोज्यांवर घरात आली. शेगडीपुढचा कठडा हलवून बघितला, जिना बघितला, छताला लावलेली धुराची घंटा दाबून वाजवली, मायकेनची गादी हातानं चाचपली. ओडनी मागं मागं फिरत होती, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी. घर छान ठेवलंय, असं बाई मनापासून म्हणाली. मग मुलीशी एकटीनं बोलायचंय, नियमच आहे, असं सांगून तिनं खोलीचं दार ओढून घेतलं.

ओडनीनं कॉफी उकळली. ती गार झाली, परत गरम केली. आतून एकाच माणसाचा आवाज येत होता आणि तो नातीचा नव्हता.

इंगविल्ड बाहेर आली ती कपाला हात न लावता बसली.

"ओडनीताई, अंगठ्याचं मी समजून घेतलं असतं. मी शेतावर वाढलेय, आम्हीपण विळे हाताळले. पण मुलगी म्हणाली, आजीनं सांगू नको म्हटलंय. त्यानंतर काहीच नाही. शाळेचं विचारलं, आईचं विचारलं, साधं जेवायला काय आवडतं तेही विचारलं. ती नुसती दाराकडे बघत राहिली."

ओडनी उठली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि सुरी काढून टेबलावर ठेवली. पीठ बाईच्या गुडघ्यांवर सांडलं.

"ही बगा. हेच. दुसरं काय बी न्हाई."

इंगविल्डनं सुरीकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला, चढला असता तर बरं झालं असतं.

"आणखी काय काय सांगू नको म्हटलंय तिला?"

"काय बी न्हाई," ओडनी म्हणाली. तिचं तिलाच कळलं की लपवणारं माणूसही हेच म्हणालं असतं.

मग बाईनं पुढचं सांगितलं. कचेरीत बैठक होईल. त्याआधी दोघंजणं येऊन मुलीशी बोलतील. तोवर तिला पलीकडे, मुख्य भूमीवर एका कुटुंबात ठेवावं लागेल कदाचित, कदाचित नाही. "माझ्या एकटीच्या हातात नाही हो," ती म्हणाली, आणि ते खोटं वाटत नव्हतं. गुडघ्यांवरचं पीठ न झटकता ती तशीच बोटीकडे गेली.

दार लागल्यावर मायकेन खोलीतून आली. गाल फुललेले.

"आजे, म्या न्हाई सांगितलं. तिनं लई इचारलं. एक शबुद न्हाई सांगितला."

ओडनीनं तिच्याकडे बघितलं. आता काय सांगावं या पोरीला? बोलायला हवं होतंस म्हणावं, तर तोंड बंद कर म्हणणारी तीच. शिवाय उद्या ती दोघं आली आणि आजीनं आता बोल म्हटलंय असं ही म्हणाली, तर तेही अंगावरच येणार.

"व्हय गं बाय," ती म्हणाली. "लई चांगलं केलंस."

शेडमध्ये मुंडक्यांचा ढीग तसाच पडून होता. घरी एकटीला कुठं ठेवायची, म्हणून ओडनीनं नातीला बरोबर नेलं. मायकेन सवयीनं खिळ्यापाशी जाऊन उभी राहिली, एक मुंडकं खोचलं आणि सुरीसाठी हात मागं केला.

"आज नगं," ओडनी म्हणाली.

"का?"

तोर्लाइव्हनं मान वर केली, दोघींकडे पाहिलं, आणि या वेळी थट्टा न करता परत माशात डोकं घातलं. मायकेन पेटीवर बसून पाय हलवू लागली. ओडनीनं खिळ्यावरचं मुंडकं उतरवलं, सुतळीचं टोक तोंडात ओलं केलं आणि ओवायला घेतलं.