पोटाची कसली लाज

माझी सून लिफ्ट दुरुस्त करते. तिच्या हाताखालची माणसं तिला 'वस्ताद' म्हणतात आणि आता घरातही तेच नाव रुळलं आहे. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, साधा बल्ब बदलतानाही चार वेळा बटण बंद आहे ना ते बघतो. त्यामुळे घरातले पाने, पकडी सगळं तिच्या ताब्यात.

चौतिसाव्या वर्षी ती हळूहळू मलूल व्हायला लागली. जिना चढताना दम लागायचा, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, खाण्याची हेळसांड, दुसरं काय. एका रविवारी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "आई, शौचाला रक्त पडतंय. बरेच आठवडे झाले."

असलं काही आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मी आधी दाराकडे बघितलं. मग म्हटलं, "मूळव्याध असेल गं. मलाही झाली होती."

"असेलही. पण दाखवून येते."

डॉक्टरांनी मूळव्याधीचंच औषध दिलं. त्या वयात बहुधा तेच निघतं, त्यामुळे मी त्यांना बोल लावणार नाही. पण औषध संपलं तरी रक्त थांबेना, पोटाचीही तऱ्हा बदललेली, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. मुलगा म्हणाला, "अजून थोडे दिवस घेऊन बघ. तुला वाटतंय तो कॅन्सर-बिन्सर म्हाताऱ्यांना होतो." ती ऐकते कसली. मला बरोबर घेऊन पुन्हा दवाखान्यात हजर.

"डॉक्टर, मूळव्याध निघाली तर मी पेढे वाटीन," ती म्हणाली. "पण आत बघितल्याशिवाय कळणार कसं? लिफ्ट नवी आहे म्हणून आम्ही तिच्या झटक्याकडे काणाडोळा करत नाही."

डॉक्टर हसले, पण त्यांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फारच कमी भरलं, तसं त्यांचं हसू गेलं आणि त्यांनी लगेच दुर्बिणीच्या तपासणीसाठी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ होण्यासाठी एक खारट औषध प्यायचं होतं. दिवसभर तिची संडासात ये-जा चालू. शेवटी आतूनच म्हणाली, "आई, आज माझी ड्युटी इथेच लागली आहे." आम्ही दोघी दाराच्या अलीकडे-पलीकडे हसत होतो.

मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. मुलगा तोच कागद चार वेळा वाचत बसला. ती मात्र डॉक्टरांना एकेक प्रश्न विचारत राहिली. ऑपरेशनच्या सकाळी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा तिचे खांदे हलताना दिसले.

"आई, मला भीती वाटतेय."

"वाटू दे," मी म्हटलं. "मी इथेच बसलेय."

आतड्याचा तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. गाठ बाहेर कुठे पसरली नव्हती. पुढे ठरावीक तपासण्या तेवढ्या राहिल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. तिचा धाकटा भाऊ व्यायामशाळेत शिकवतो, दंड असे की शर्टाची बाही कुरकुरते. तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मला काय धाड भरलीय? आणि ही असली तपासणी! मित्र हसतील."

टाके अजून ओढत होते, तरी ती उशीला टेकून नीट बसली. "हसू देत त्यांना. तू मला रडायला लावू नकोस."

तो तपासणीला गेला. त्याच्या आतड्यात वाटाण्याएवढा कोंब, पॉलिप म्हणतात तो, सापडला आणि तपासणीतच काढून टाकला. तसाच राहिला असता तर पुढे त्याचाही कॅन्सर होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ते दंड माझ्या सुनेच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.

ती कामावर परतली तेव्हा पहिल्या दिवशी डबा द्यायला मीच गेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे भोवती बसलेले आणि ही रक्त, शौच, आतडं सगळं सविस्तर सांगतेय.

"वस्ताद, जेवतोय आम्ही," एकजण म्हणाला.

"जेवा की. जेवलेलं पुढे कुठे जातं तेच सांगतेय."

हशा ओसरल्यावर त्याने हळूच विचारलं, "मग आता आम्हीही घाबरायचं का?"

"घाबरायचं कशाला? तुमच्या वयात हा आजार थोड्यांनाच होतो. पण पूर्वीपेक्षा जास्त जणांना होतोय, असं डॉक्टर म्हणतात. रक्त दिसलं, पोटाची सवय बदलली आणि बदललेलीच राहिली, कारण नसताना वजन उतरलं किंवा घरात कुणाला झालेला असला, तर लाजत बसू नका. जाऊन दाखवा. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघेल. मग मला येऊन शिव्या द्या."

मी रिकाम्या डब्याची पिशवी घेऊन निघाले तेव्हा माझी मान चांगली वीतभर वर होती.

परवा जिन्यात शेजारणीने मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाली, "सुनेला नक्की काय झालं होतं हो?"

"मोठ्या आतड्याचा कॅन्सर," मी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. "वेळेत गाठला तिने. आता ठणठणीत आहे, कामावर गेली आहे."

ती जिन्यातच थांबली. मग म्हणाली, "माझ्या मुलीलाही रक्त जातंय. कोणाला सांगायचं नाही म्हणते."

मी तिला घरात आणून बसवलं, चहा टाकला आणि सुनेला फोन लावला.