राहिलेली चिठ्ठी

चिठ्ठीमामा चिठ्ठी देताना माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. दारात उभे राहायचे, मान खाली घालून नाव वाचायचे, दोन्ही हातांनी पुठ्ठ्याचा तो तुकडा पुढे करायचे आणि वळायचे. गावात नव्याने आलेल्या सुनांना वाटायचे, म्हातारा रागावलाय की काय! मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "मास्तर, तोंड पाह्यलं की माणूस आपल्या मर्जीनं द्यायला लागतो. ही आपली मर्जी न्हाई. वर ठरलेलं आपण फक्त पोचवायचं."

वडीगोद्रीच्या अलीकडे आमचे गाव, आणि गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची तीसेक घरे. प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा. कधीकाळी मिशनऱ्यांनी रीत घालून दिली होती: पंचांनी बसून यादी करायची, यादीतल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी शनिवारी घरपोच द्यायची, आणि रविवारी ती ताटात टाकली तरच भाकर आणि द्राक्षारस मिळायचा. बाकीच्या गावांनी ही रीत केव्हाच सोडली. आमच्याकडे ती टिकली, कारण मामा पंच होते. हायवेला त्यांचे शिलाईचे दुकान होते. जुन्या लग्नपत्रिका जमवून ते कापडाच्या कात्रीने त्यांचे सारखे तुकडे कापायचे आणि कोऱ्या बाजूवर निळ्या शाईने नाव लिहायचे. स्वतःचे घर वाटपात शेवटी घ्यायचे.

मी पाळकपणाचे, म्हणजे पाद्री होण्याचे, शिक्षण अर्धवट सोडून आलेला शाळामास्तर. एवढे ज्ञान माणसाला भांडकुदळ करायला पुरते. शाळा सुटली की मी मामांच्या दुकानात. तारण, म्हणजे आत्म्याची मुक्ती, ही देवाची निवड, ती जग व्हायच्या आधीच झालेली, माणसाच्या हाताला त्यात काही लागत नाही, हे त्यांचे म्हणणे. देव कृपेचा हात पुढे करतो, तो धरायचा की झिडकारायचा हे माणसाने ठरवायचे, हे माझे.

"बाजरीचा दाणा म्हणतो का कधी, मी उगवायचं ठरवून राह्यलो म्हणून?" मामा मशीन थांबवून विचारायचे. "पाऊस पडतो, मंग तो उगवतो."

"पण मामा, न उगवलेल्या दाण्याला कोणी नरकात टाकत न्हाई!"

झाले! मशीन बंद, कात्री टेबलावर, आणि गिऱ्हाइकाचा ब्लाउज बाजूला. एका बाईने वैतागून सुनावलेही होते, "देवाचं ठरलं ते ठरलं, माझ्या भाचीची हळद उद्या हाये, त्याचं काय ठरलं ते सांगा!" मामा हसले आणि निमूट पायडल मारायला लागले. वीस वर्षे आम्ही असे भांडलो. कोणीच हरले नाही, म्हणून मजा होती.

सामू हा मामांचा एकुलता एक मुलगा. मोसंबीचा टेम्पो चालवायचा. हसरा, देखणा, आणि अधूनमधून घेणारा. त्या शुक्रवारी आमचा वाद रंगात आलेला असताना तो दुकानात आला. बायको बाळंतपणाला परतूरला माहेरी गेलेली, त्यामुळे घरी धाक नव्हता. थोडी घेतलीच होती. ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, सगळं आधीच ठरलंय तर मंग चिठ्ठ्या कशाला वाटून राह्यले? ज्याचं ठरलं तो येईलच की बराबर!"

मी खो खो हसलो. टाळीसुद्धा दिली त्याला. मामांच्या हातातली सुई तशीच राहिली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी चर्चमध्ये सामू मागच्या बाकावर बसून राहिला, भाकर घ्यायला मेजापाशी आलाच नाही. मला वाटले, रुसला असेल. मंगळवारी मोसंबी भरून जालन्याला जाताना त्याचा टेम्पो उलटला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. चौथ्या दिवशी परतूरला त्याची मुलगी जन्मली.

महिन्याने मामा शाळेत आले. मधली सुट्टी होती, पोरे नळावर गोंगाट करीत होती. मामांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. निळ्या शाईत सामूचे नाव.

"पंचांनी मंजूर केल्ती," ते म्हणाले. "मी अडवली. शनिवारी सगळी घरं करून घरी आल्तो. सामू पायरीवर बसला होता. त्यानं हात पुढं केला, मास्तर. आन् मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. मला आदल्या दिवशीचं दुकानातलं हसणं आठवलं. चिठ्ठी खिशात ठेवली आन् आत गेलो."

ते हसणे माझे होते.

"तू म्हणतोस, माणसाच्या हातात आहे. मंग हे माझ्या हातात होतं का?"

वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची बाजू घेतली. "न्हाई मामा. तुमच्या हातात काय होतं? सगळं ठरलेलंच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मंग माझ्या लेकराला वरूनच नकार होता म्हण की."

"छे छे! तसं न्हाई..."

"मंग मीच दिला नकार." मामा टेबल धरून उभे होते. "दोन्हीपैकी एक तरी दे मला, मास्तर. तू शिकल्याला माणूस आहेस."

घंटा झाली. पोरे वर्गात आली. मामांनी चिठ्ठी उचलून खिशात ठेवली आणि गेले.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. मी दुकानात जाऊन बसायचो, मशीन चालू असायचे, आम्ही पावसापाण्याचे बोलायचो. मला ते भांडण इतके हवेसे वाटायचे! मामा पुढची वीसेक वर्षे चिठ्ठ्या वाटत राहिले, पण आता ते दारात थांबून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे, फार वेळ बघायचे. लोकांना अवघडल्यासारखे व्हायचे. सदरा बदलला की सामूची चिठ्ठी नव्या सदऱ्याच्या खिशात जायची. गेल्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले तेव्हा मला बोलावून घेतले. "हे पोचवायचं राह्यलं," एवढेच म्हणाले आणि चिठ्ठी माझ्या मुठीत दाबली. दोन दिवसांनी गेले.

आता पंच मी आहे. शनिवारी घरोघर फिरतो. सगळ्या चिठ्ठ्या वाटून झाल्या तरी खिशात एक उरते, आणि प्रत्येक दाराशी सामू पायरीवर बसलेला आहे असे मला वाटते. वेड म्हणा हवे तर.

परवाच्या शनिवारी मामांचे घर शेवटी घेतले. पायरीवर खरेच कोणीतरी बसलेले होते. ती एस्तेर होती, सामूची मुलगी. जालन्यात नर्सिंग करते, सुट्टीला आलेली. अगदी बापाचे नाक-डोळे. मी तिची चिठ्ठी दोन्ही हातांनी दिली आणि वळलो.

"सर," ती म्हणाली, "आई सांगते, शेवटच्या रविवारी पप्पांना चिठ्ठीच मिळाली नव्हती. आजोबांना विचारलं की ते उठून जायचे. यादीत नाव नव्हतं का पप्पांचं?"

"होतं."

"मंग? आजोबांनी दिली न्हाई?"

मी खिशातून ती चिठ्ठी काढली. कडा मऊ पडलेल्या, शाई फिकी, पण नाव वाचता येत होते. तिच्या हातावर ठेवली.

"माझ्याकडून राह्यली, बाळा," मी म्हणालो. "आजोबांनी पोचवायला दिल्ती. मीच न्हाई पोचवली."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मीही तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, ती काय देईल याची वाट पाहत.